मंडळाचे दोन लाख कुठे लावावेत? बेळगाव पट्ट्यातल्या होतकरू उद्योजक मुलांसाठी स्पर्धांची तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पतसंस्था, युवक मंडळं आणि माजी विद्यार्थी संघ शिक्षणासाठी दरवर्षी काही ना काही पैसा बाजूला काढतात. वह्यावाटप आणि गुणगौरव ठरलेलाच असतो. आता काही ठिकाणी कॉलेजातल्या मुलांच्या धंद्याच्या कल्पनांना हात द्यायचं बोललं जातंय. मला ते मनापासून आवडलं, म्हणूनच हा पैसा वाया जाऊ नये असं वाटतं. समजा, हाताशी दोन लाख आहेत. मुलांना देशपातळीवरच्या स्पर्धांत उतरवायचं, हुबळीला पाठवायचं, सरकारी योजनेच्या अर्जाला बळ द्यायचं, की आपलीच स्पर्धा भरवायची?

मुलं कोणती, तेही आधी बोलून घेऊ. अथणी-निपाणीकडे चपला करणारी घरं, वडगाव-शहापूरचे विणकर, खानापूरचे कुंभार, निपाणीत विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बायका, यांची मुलं. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी. हातात कला पिढ्यान्‌पिढ्यांची, पण बँकेच्या मॅनेजरसमोर खुर्चीत बसून बोललेलं घरात कोणी नाही.

स्पर्धेची जाहिरात बक्षिसाच्या आकड्याने होते. मी तो आकडा शेवटी बघते. स्पर्धेत उतरलेल्यांपैकी बहुतेक सगळे हरणारच असतात, त्यामुळे हरलेल्या मुलाच्या हातात काय उरतं, हा माझा पहिला प्रश्न. आणि पहिल्या फेरीच्या दारापर्यंत तरी आपलं मूल पोचतं का, हा दुसरा.

देशपातळीवरच्या स्पर्धा

यात सगळ्यांत उजवी मला स्मार्ट इंडिया हॅकेथॉन वाटते, म्हणजे दिलेल्या प्रश्नावर तंत्रज्ञानातून उत्तर शोधायची स्पर्धा. २०१७ पासून केंद्राचं शिक्षण खातं आणि तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई ती घेतात. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी हवीच. ही अट आपल्याकडच्या मुलींच्या फार कामाची आहे, कारण संघ बांधताना मुलांना त्यांना शोधत यावंच लागतं. प्रश्न मंत्रालयांनी आणि सरकारी खात्यांनी दिलेले असतात, त्यामुळे कल्पना कुठून आणायची या धास्तीने कोणी मागे राहत नाही. पहिली चाळणी कॉलेजातच लागते. बक्षीस लाखाच्या घरातलं, सहा जणांत वाटलं की थोडंच.

खरा फायदा पुढे आहे. अनुसूचित जातीतल्या तरुणांसाठी २०२० साली सुरू झालेलं आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन तीन वर्षांत मिळून ३० लाखांपर्यंत भांडवल देतं, आणि या हॅकेथॉनमध्ये निवडल्या गेलेल्या तरुणांना त्यात विचारात घेतलं जातं. ते कर्ज नव्हे, कंपनीतला हिस्सा घेऊन दिलेला पैसा आहे. हा दुवा आपल्या भागात फारसा कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही.

मर्यादाही मोठी आहे. इथे चालतं ते तंत्रज्ञान. इंजिनिअरिंगच्या मुलाला हे दार सोपं, निपाणीच्या बी. कॉम.च्या मुलाला नाही.

आयआयटी मुंबईचा ई-सेल, म्हणजे तिथला विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष, ‘युरेका’ स्पर्धा घेतो. ती मूल कुठल्या शाखेचं ते बघत नाही, धंद्याचा आराखडा बघते. तिथे मार्गदर्शक मिळतात, गुंतवणूकदारांच्या नजरेला पडता येतं. मात्र तिथवर पोचायला आराखडा इंग्रजीत, आकड्यांसकट आणि चकचकीत पीपीटीत लागतो. ‘हल्ट प्राइज’ या जागतिक विद्यार्थी-स्पर्धेचं बक्षीस तर १० लाख डॉलरचं. कारभार सगळा इंग्रजीत आणि मुकाबला जगभरच्या विद्यापीठांशी. ज्याला जायचंय त्याने जरूर जावं, पण मंडळाच्या दोन लाखांना तिथे काही काम नाही.

हुबळी

बेळगावहून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, सकाळी निघून रात्री घरी. मुलींना पाठवताना या एका गोष्टीवर अनेक घरांतला निर्णय फिरतो. देशपांडे फाउंडेशनचा ‘लीड’ कार्यक्रम उत्तर कर्नाटकातल्या कॉलेजांत रुजलेला आहे. मुलांनी स्वतः एखादा छोटा उपक्रम हाती घ्यायचा, तो तडीस न्यायचा आणि मग त्याबद्दल बोलायचं, अशी त्याची रीत. हुबळीतच देशपांडे स्टार्टअप्सचं इन्क्युबेशन केंद्र, म्हणजे नवा धंदा उभा राहीपर्यंत आधार देणारी जागा, आहे. राज्य सरकारनेही बेंगळुरूबाहेरच्या उद्योगांसाठी हुबळी-धारवाड-बेळगाव असा एकत्र पट्टा धरला आहे.

भाषा कन्नड आणि इंग्रजी. आपली मुलं बाजारात कन्नड बोलतात, पण मंचावर अडखळतात. तरी मला वाटतं, इंग्रजीत गप्प बसण्यापेक्षा मोडक्या कन्नडमध्ये बोलणं कधीही बरं, आणि समोरचा माणूस ते समजून घेतो हा माझा अनुभव आहे. हरलेल्या मुलाच्या हातात इथे ओळखी उरतात. पुढच्या महिन्यात परत जाऊन ज्याचं दार ठोठावता येईल, अशी माणसं त्याला मिळतात. मुंबई-दिल्लीच्या स्पर्धेत ते होत नाही.

सरकारी दारं, आणि सीमेचा गुंता

नव्या उद्योगांसाठीची कर्नाटक सरकारची ‘एलिव्हेट’ योजना २०१७ पासून चालू आहे. निवड झाली तर ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी तिचीच ‘उन्नती’ नावाची शाखा निघाली. ऐकायला फार छान, पण अर्जाला कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा भागीदारी संस्था नोंदलेली लागते. एकट्याच्या नावावरची फर्म चालत नाही. म्हणजे दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलासाठी हे दार अजून दूर आहे. ‘कल्याण कर्नाटक’, म्हणजे राज्याच्या ईशान्येकडच्या जिल्ह्यांसाठी वेगळी एलिव्हेट निघाली, त्यात बीदर येतं, बेळगाव येत नाही. भालकी-औरादच्या मराठी मुलांनी ती जरूर बघावी. बेळगावच्या मुलांनी त्या जाहिरातीवर वेळ घालवू नये.

महाराष्ट्राकडे आशेने बघणारी घरं आपल्याकडे खूप आहेत. त्यांना स्पष्ट सांगायला हवं. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत वेगळी सोय आहे, ती घ्यावी. पण उद्योगासाठीच्या योजना, उदाहरणार्थ अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या, महाराष्ट्राचे रहिवासी असणाऱ्यांसाठी आहेत. जातीच्या दाखल्याचंही तसंच. आपला दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून निघतो, त्यावर आरडी हा दाखल्याचा नंबर असतो आणि तो कर्नाटकातल्या सवलतींसाठी चालतो. मराठा समाज इथे मागासवर्गांच्या ३-बी प्रवर्गात आहे, कोल्हापुरातल्या आत्तेभावाचा प्रवर्ग आपल्याला लागू पडत नाही. शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला मात्र विद्यापीठातर्फे ‘आविष्कार’ या संशोधन-स्पर्धेसारख्या स्पर्धांत उतरता येतं, तिथे विद्यार्थी असणं पुरतं.

स्पर्धेच्या आधी मंडळाने मुलांचे दाखले, पॅन आणि बँक खातं एका नावाने, एकाच स्पेलिंगने नीट करून दिलं, तरी निम्मं काम झालं. शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीने नाव, आधारवर कन्नडवरून आलेलं इंग्रजी स्पेलिंग, आडनाव कधी पुढे कधी मागे. अर्ज यातच अडकतात.

आपलीच स्पर्धा

आता ज्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते. एका कॉलेजातल्या स्पर्धेत अथणीकडची एक मुलगी आली होती. टेबलावर तिने अर्धवट शिवलेली कोल्हापुरी ठेवली. बाजूच्या बायकांशी बोलताना ती भराभरा सांगत होती: कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसं कमावतात, कानवळी, म्हणजे चपलेच्या बाजूच्या पट्ट्या, चामड्याच्या वादीनेच कशा शिवतात, खिळा का लागत नाही, वेणी घालायचं काम घरात कोण करतं, व्यापारी जोडीला काय दर देतो आणि तीच जोडी शहरातल्या दुकानात कितीला जाते. मंचावर गेल्यावर नियम होता, पाच मिनिटं आणि इंग्रजी. तिचा आवाजच उतरला. परीक्षकांनी विचारलं, हे स्केल कसं करणार, म्हणजे मोठं कसं करणार? व्यापाऱ्याचा दर आणि दुकानातला भाव यांतला तो फरक, म्हणजे तिचा सगळा धंदा, तिच्या तोंडून बाहेर आलाच नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांचं मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, ओरड झाली, मग त्यांनी या कारागिरीचं ऋण मान्य केलं. जगाला जिची किंमत कळते ती वस्तू ज्या घरात बनते, त्या घरातली मुलगी आपल्याच जिल्ह्यात पाच मिनिटांत बाद होते, हे मला सहन होत नाही. अशा मुलीसाठी पहिली पायरी जवळची आणि तिच्या भाषेतलीच हवी.

पण आपल्याकडे स्पर्धा म्हटली की काय होतं, तेही ठाऊक आहे. हॉल, मंडप, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण. दोन लाखांतले लाखभर त्यातच जातात, उरलेल्यात पहिला-दुसरा-तिसरा. तसं करायचं असेल तर स्पर्धा भरवू नये, तो पैसा मुलांच्या हुबळीच्या गाडीभाड्याला द्यावा.

भरवायची तर बक्षिसाऐवजी ऑर्डर द्या. महाराष्ट्र स्टार्टअप वीक या सरकारी स्पर्धेत हेच तत्त्व आहे: निवडलेल्यांना सरकारी खात्यात काम करून दाखवायला कार्यादेश मिळतात. आपण तेच आपल्या ऐपतीत करू शकतो. किती तरी सोसायट्या सभासदांना दिवाळीला किंवा वार्षिक सभेला भेटवस्तू देतातच. स्टीलचा डबा, बॅग, घड्याळ, सगळं बाहेरून ठोकमध्ये येतं. त्यातल्या शंभर भेटी स्पर्धेतल्या मुलीकडून घ्या. चपलेचे शंभर जोड बाराशेच्या दराने १ लाख २० हजारांचे होतात. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे मालावर. विणकराच्या मुलाकडून टॉवेल घ्या, कुंभाराच्या मुलाकडून माठ, कुणाच्या आईच्या हातचा फराळ आवडला तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी करून घेऊन तो घ्या. मुलाच्या हाती बिल येतं, खात्यात व्यवहार दिसतो, माल वेळेवर देताना काय तारांबळ उडते तेही कळतं. असं बिल जोडून केंद्राच्या मुद्रा योजनेतल्या ५० हजारांपर्यंतच्या ‘शिशु’ कर्जाला गेलेल्या मुलाशी बँकेतला माणूस वेगळ्या सुरात बोलतो. ढालीचा तिथे काही उपयोग नाही.

मंचावर मराठी, कन्नड, उर्दू सगळं चालू द्या. शहापूरच्या मागावर कुठे एकच भाषा बोलतात? परीक्षकांत एक दुकानदार, एक बँकेचा माणूस आणि एक कारागीर बाई असावी. सगळ्यात शिकलेला माणूस तिसऱ्या नंबरला बोलू द्या.

मग कुणी काय निवडावं

पतसंस्था असेल, दरवर्षी भेटवस्तूंवर खर्च होतच असेल, तर आपली स्पर्धा आणि ऑर्डर, हाच माझा कौल. दीड लाख ऑर्डरींना, बाकी कागदपत्रं आणि हुबळीच्या खेपांना. ज्या मुलांनी ऑर्डर पुरी केली, त्यांनाच हुबळीला न्यावं, म्हणजे बोलायला त्यांच्याकडे काहीतरी असेल. इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र स्थानिक स्पर्धेच्या नादाला लागू नये. त्यांनी स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचे दोन-तीन संघ सांभाळावेत, मराठी शाळेतून आलेल्या मुला-मुलींना मुद्दाम त्यांत घ्यावं आणि पीपीटीची तालीम स्वतः करून घ्यावी. छोट्या गावच्या युवक मंडळाकडे वीस-पंचवीस हजारच असतील, तर ते दाखले, पॅन आणि हुबळीच्या भाड्यावर घालावेत. तेवढ्यात सात-आठ मुलं सहज उभी राहतात.

वेळेचं गणित असं. हॅकेथॉनच्या कॉलेज-फेऱ्या साधारण गणपतीच्या आगे-मागे लागतात, तेव्हा संघ जुलैतच बांधायला हवा. सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत आटोपतात, म्हणून स्थानिक स्पर्धा जूनमध्ये घ्यावी आणि ऑर्डर जुलैच्या पहिल्या आठवड्यात हातात द्यावी. पावसात कातडं सुकायला वेळ लागतो. चपलेची ऑर्डर सभेसाठी न मागता दिवाळीसाठी मागावी.