कर्ज मंजूर, चेक बाकी: कमी पडणारे तीन लाख कुठून उभे करावेत?

गृहकर्ज मंजूर झाल्याचं पत्र, म्हणजे सॅन्क्शन लेटर, आलं की घरात पेढे येतात, आणि खरी ओढाताण तिथून सुरू होते. पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेताय असं धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे बँक फार तर ४८ लाख देणार. बाकीचे १२ लाख तुमचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार (घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर ६ टक्के), आणि ३० हजार नोंदणी फी. हा खर्च बँक कर्जात धरत नाही. साडेसोळा लाख इथेच झाले, वकील आणि प्रोसेसिंग फी वेगळी.

यातलं बहुतेक सगळं बँकेचा चेक निघायच्या आधी भरायचं असतं. करारनामा नोंदवला, मूळ कागद आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) जमा केले, की मग बँक पैसे सोडते. त्याआधी बऱ्याच बँका सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, पुन्हा तपासतात. जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला अद्ययावत होते, त्यामुळे गेल्या महिन्यात घेतलेलं कर्ज लपून राहील या भरवशावर राहू नका. मुद्रांक शुल्क भरून झाल्यावर बँकेने रक्कम कमी केली, तर माणूस पुरता अडकतो.

आता समजा तीन लाख कमी पडताहेत.

सगळ्यात चटकन मिळतं ते पर्सनल लोन. मोबाईलवर तासाभरात मंजूर होतं, आणि माझ्या मते या काळात सगळ्यात महाग तेच पडतं. कारण फक्त व्याजाचं नाही. तीन लाख, १४ टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता साधारण १०,२५० रुपये येतो. गृहकर्जाचा हप्ता ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये पडतो. बँक तुमची कर्ज फेडायची ताकद दरमहा हप्त्यावरून मोजते. म्हणजे तुमची पात्रता आधीच काठावर असेल, तर तीन लाखांच्या पर्सनल लोनमुळे जवळजवळ पावणेबारा लाखांच्या गृहकर्जाची जागा अडते. तीन मिळवायला बारा पणाला लावायचे. शिवाय तुमचा हिस्सा तुमच्या बचतीतूनच आलाय का, हेही बँक विचारू शकते. क्रेडिट कार्डावरून पैसे उचलून हप्ते पाडणं हाही याच जातीचा प्रकार.

याच्या शेजारी एफडी मोडणं ठेवून पाहा. मोडताना जीव तुटतो, हे खरं. पण मुदतीआधी मोडल्यावर सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कमी मिळतं. तीन लाखांवर वर्षाला फार तर तीन हजार. जितके दिवस पैसे ठेवले त्याच मुदतीचा दर लागतो, त्यामुळे थोडं आणखी जाईल. पण वरच्या पर्सनल लोनचं तीन वर्षांचं व्याज जवळपास ६९ हजार होतं. एफडीची मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर मात्र मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दर, ठरलेला हप्ता नाही, आणि मुदत संपली की त्यातूनच वळतं होतं. गृहकर्जाच्या बँकेला मात्र आधी सांगून ठेवा.

सोनं तारण ठेवायला लोक पटकन तयार होतात, कारण दागिने विकले असं वाटत नाही. हेही कर्ज सिबिलला दिसतं. बोनस किंवा पॉलिसीचे पैसे ठरलेल्या महिन्यात येणार असतील तरच हा मार्ग धरावा. नाहीतर नव्या घराचा पहिला हप्ता आणि सोन्याचं व्याज एकाच वेळी अंगावर येतं.

आई-बाबांनी किंवा सख्ख्या भावाबहिणीने दिलेल्या भेटीवर कर नाही, आणि परत करायची नसेल तर पात्रतेलाही धक्का लागत नाही. हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग. अट एकच: पैसे खात्यातून खात्यात यावेत, सोबत एक साधं गिफ्ट डीड (भेट दिल्याचा लेखी कागद) असावं. गावाकडून रोख आणून एकदम खात्यात भरली, की बँक त्याचा स्रोत विचारते. आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणून विक्रेत्याने "थोडे कॅशमध्ये द्या" म्हटलं तरी ऐकू नका. पीएफमधून घरासाठी काढलेली रक्कमही परत करावी लागत नाही, पण केवायसी आणि नावातल्या चुका निस्तरण्यात आठवडे जातात. त्यावर भिस्त असेल तर अर्ज आजच टाका.

दसऱ्याची गाडी किंवा 'नो कॉस्ट' हप्त्यावरचा टीव्ही? दरमहा तीन हजारांचा हप्तासुद्धा साडेतीन लाखांच्या गृहकर्जाएवढी जागा खातो. किल्ल्या मिळाल्यावर घ्या. नोकरी बदलण्याचंही तसंच. पगार वाढत असला तरी चेक निघेपर्यंत थांबा, कारण काही बँका शेवटच्या क्षणी ऑफिसात फोन करून खात्री करतात.

एफडी नाही, घरून काही मिळणार नाही, पीएफलाही वेळ लागतोय, अशा वेळी नवं कर्ज काढण्याआधी विक्रेत्याकडे मुदत मागा. सॅन्क्शन लेटर बहुधा तीन ते सहा महिने चालतं. त्यावरची तारीख बघा, नोंदणीची तारीख महिनाभर पुढे सरकवायला सांगा आणि ती वाढीव मुदत दोघांच्या सह्यांनी लेखी घ्या.