माइल्स डेव्हिस : 'काइंड ऑफ ब्लू' आधी ऐकावं की 'बिचेस ब्रू'?

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचे हे दोन अल्बम. ट्रम्पेट तेच, माणूसही तोच. मध्ये फक्त दहा वर्षं गेली, पण संगीत पार बदललं.

'काइंड ऑफ ब्लू' १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये दोनच दिवसांत रेकॉर्ड झाला. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बहुतेक बिल इव्हान्स. यातली 'सो व्हॉट' ही रचना ऐका: बास एक ओळ म्हणतो, बाकीचे दोन स्वरमेळांत (कॉर्ड्स) उत्तर देतात. सोळा मात्राखंड (बार) एकाच स्वरसप्तकात, पुढचे आठ अर्ध्या स्वराने वर, मग पुन्हा मूळ जागी. स्वरमेळ धडाधड बदलत नाहीत, त्यामुळे वादकाला निवांत फिरता येतं. रागाची बढत ऐकलेल्या कानाला हे पटकन रुचेल.

ऑगस्ट १९६९ मध्ये रेकॉर्ड झालेल्या 'बिचेस ब्रू'मध्ये मात्र इलेक्ट्रिक पियानो, जॉन मॅकलॉफ्लिनचं गिटार, एकाहून अधिक ड्रमर असा मोठा ताफा आहे. रॉक आणि फंकची लय जॅझमध्ये उघडपणे शिरते. शीर्षकाची रचनाच सुमारे २७ मिनिटांची! ट्रम्पेटला जोडलेला प्रतिध्वनी अंगावर येतो. निर्माता टिओ मासेरो यांनी टेप कापून-जोडून यातल्या रचना घडवल्या, म्हणजे निम्मी कलाकारी संकलनाच्या टेबलावरची.

सुरुवात पहिल्यापासूनच करा. पण माझं मन दुसऱ्यात जास्त रमतं. जमलेली बैठक मोडायला छाती लागते, आणि माइल्स तिथेही थांबला नाही: १९७२च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये बादल रॉय यांचा तबला वाजतो.