गुलमर्गचं स्कीइंग पॅकेज: पैसे कुठे बुडतात, गुडघा कुठे मोडतो

मुलुंडच्या एका चौघांच्या कुटुंबाने फेब्रुवारीसाठी काश्मीरचं सहा दिवसांचं पॅकेज घेतलं. पत्रकात गुलमर्गच्या दिवसापुढे लिहिलं होतं: स्कीइंग, गोंडोला (केबल कार) आणि बर्फाचे कपडे समाविष्ट. प्रत्यक्षात गुलमर्गच्या चढणीआधी तंगमर्गला गाडी बदलायचे वेगळे पैसे द्यावे लागले, गोंडोलाची तिकिटं 'संपली', सूट ओलसर निघाले आणि बेबी स्लोपवर (नवशिक्यांच्या सौम्य उतारावर) माणशी वीस मिनिटं मिळाली, तीही मदतनीसाने काठीला धरून ओढत नेलेली. मोठ्या मुलाला बूट दोन मापांनी मोठा दिला होता. तो पडला तेव्हा स्की पायातून सुटली नाही आणि गुडघा पिरगळला. मुंबईत परतल्यावर ऑपरेटरने फोन उचलणं बंद केलं.

दर हिवाळ्यात मुंबईकर असेच फसतात, म्हणून कुठे काय होतं आणि का होतं ते सविस्तर लिहितो आहोत.

पहिली गोष्ट वेळेची. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर सुमारे ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर तंगमर्गपासून चढणीचे, आणि रस्त्यावर बर्फ असला की तिथे चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच सोडतात. सकाळी श्रीनगरहून निघून संध्याकाळी परत यायचं असेल तर वर हातात जेमतेम तीन-चार तास उरतात. त्यातच जेवण, कपडे भाड्याने घेणं आणि रांगा. अशा दिवसात स्कीइंग शिकवता येत नाही, हे पॅकेज विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. नवशिक्याचा पहिला दिवस एका पायात स्की घालून चालणं, आडव्या पावलांनी चढ चढणं, पडून उठणं आणि स्कीची टोकं आत वळवून वेग कमी करणं यातच जातो. वळणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमू लागतात. गुलमर्गमध्येच किमान तीन-चार रात्री मुक्काम नसेल, तर ती स्कीइंगची सुट्टी नाही.

गोंडोला जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशन चालवतं. तिकीट त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर, प्रवाशाच्या नावाने आणि ओळखपत्रावर निघतं. हंगामात ती आधीच संपतात, त्यामुळे 'तिथे गेल्यावर काढून देतो' असं कोणी म्हणालं तर समजून घ्या की तिकीट काढलेलंच नाही. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट चढ्या भावाने गळ्यात मारलं जातं, ते दारावर अडू शकतं. पहिला टप्पा कोंगडोरीला थांबतो, दुसरा अफरवटला जवळपास ३,९५० मीटरवर. दुसऱ्या टप्प्यावर नवशिक्यासाठी सपाट केलेला उतार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. 'फेज टू स्कीइंग' पहिल्यांदा जाणाऱ्याला विकणारा माणूस जिवाशी खेळतो आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'बर्फाची गॅरंटी' कोणी देत असेल तर तिथेच थांबा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं. २०२५ मध्ये तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. बर्फ नसेल तर किती पैसे परत मिळतील, हे आगाऊ रक्कम देण्याआधी ईमेलवर लिहून घ्या.

आता सामान, कारण इजा इथेच होते.

स्की बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि त्याचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्ये लिहितात, जसं २५.५ किंवा २६.५. मुंबईहून निघण्याआधी भिंतीला टाच टेकवून कागदावर पाऊल आखा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. २६.२ आलं तर २६.५ चा बूट मागा. दुकानदार एक-दोन मापं मोठा देतो, कारण तो झटकन चढतो आणि गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. मात्र आत पाऊल सरकतं, त्यामुळे स्की वळत नाही आणि नडगी सोलून निघते. बरोबर मापाच्या बुटात ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे येतात. आत पोटरीपर्यंतचा पातळ मोजा, तोही एकच जोड. दोन मोजे घातले की पाय आवळून उलट गारठतो. थर्मल पॅन्टचं टोक बुटात कोंबू नका, शिवणीचा वळ उठतो.

बूट स्कीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. पडताना ते सुटलं पाहिजे. पुढच्या आणि मागच्या भागावर छोटी खिडकी असते, तिच्यात एक आकडा दिसतो. तो जितका मोठा, तितकं बाइंडिंग सुटायला जड. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. साठ-सत्तर किलोच्या नवशिक्या प्रौढासाठी तो साधारण ३ ते ५ च्या आसपास येतो, मुलांसाठी त्याहून कमी. तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. भाड्याच्या दुकानात एकच स्की दिवसभरात अनेकांच्या पायात जाते आणि स्क्रू-ड्रायव्हरला कोणी हात लावत नाही. आधीचं गिऱ्हाईक नव्वद किलोचं असेल तर त्याचाच आकडा तुमच्या मुलाच्या पायाखाली राहतो. मुलुंडच्या मुलाचं तेच झालं. आकडा तुमच्यासमोर बदलायला लावा. 'सगळ्यांना हेच चालतं' असं उत्तर आलं तर दुसरं दुकान गाठा. बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ प्रत्येक वेळी खरवडून मगच पाय अडकवा, नाहीतर नीट लावलेलं बाइंडिंगही दगा देतं.

स्की हनुवटीपर्यंत पुरेल एवढीच घ्या. हेल्मेट बरेचदा दिलं जात नाही, ते मागून घ्या. स्की ताब्यात घेताना तळ आणि धातूच्या कडा यांचा व्हिडिओ काढा. परत देताना जुना ओरखडा तुमच्या नावावर मांडायची पद्धत आहे. अनामत म्हणून मूळ आधार कार्ड कधीच ठेवू नका.

बूट, स्की आणि काठ्या तिथेच भाड्याने घ्याव्यात. अंगाला लागणाऱ्या गोष्टी मात्र मुंबईतूनच न्या: सुती नसलेले थर्मलचे दोन जोड, एक फ्लीसचं जॅकेट, पाणी आत न घेणारे हातमोजे (लोकरीचे अर्ध्या तासात भिजतात), स्की गॉगल, कानटोपी, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन आणि लिप बाम. जीन्स नको. वरचं जॅकेट-पॅन्ट जलरोधक असेल तर रस्त्यावरच्या भाड्याच्या सूटची गरजच पडत नाही. हा सापळा गुलमर्गपुरताच नाही: मनालीहून सोलांगच्या बर्फाच्या उतारांवर जाताना ड्रायव्हर ठरावीक नंबरच्या दुकानासमोरच गाडी उभी करतो, कारण कमिशन. उत्तराखंडातल्या औलीच्या स्कीइंग पॅकेजमध्ये जोशीमठचा रोपवे दाखवला असेल तर आधी खात्री करा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यावर तो बंद करण्यात आला.

बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातलं निदान एक सिम पोस्टपेड हवं. ते नसेल तर यूपीआयही नाही आणि ऑपरेटरला फोनही नाही, आणि याचा फायदा घेणारे तिथे टपलेले असतात.

पैसे देताना यूपीआयवर दिसणारं नाव कंपनीचं आहे की कुणा व्यक्तीचं, ते पाहा. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात नोंदणी असेल तर २७ ने सुरू होतो. सरकारी पोर्टलवर तो टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. विमा काढताना स्कीइंगला संरक्षण आहे का ते विचारा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात.

फसवणूक झालीच तर ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, तास उलटू देऊ नका. सेवा कमी दिल्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार देता येते. श्रीनगरला खेटे घालावे लागत नाहीत, दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सोबत पत्रकाचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद आणि ऑपरेटरचे सगळे मेसेज जोडा. इजा झाली असेल तर गुलमर्गच्या डॉक्टरचा कागद आणि बाइंडिंगच्या खिडकीतल्या आकड्याचा फोटोही लागेल. तो फोटो स्की परत करण्यापूर्वीच काढावा लागतो.