दुसऱ्या मंगळवारची ओपीडी आणि मधले पाच दिवस

रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा भरते. माझ्या धाकट्या चुलतभावाला घेऊन मी गेली तीन वर्षे तेथे जात आहे. कोकणातल्या खाणावळींची आणि होमस्टेची परीक्षणे ढिगाने लिहिली जातात. मानसोपचाराच्या सरकारी ओपीडीचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही, कारण लिहिणारा तिथल्या बाकड्यावर बसला होता हे त्यातून आपोआप उघड होते. तालुक्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्यांच्याबद्दल पुढे तक्रार आहे त्यांच्यापेक्षा, ज्यांच्याबद्दल तक्रार नाही अशा दोन सिस्टरना त्याचा अधिक त्रास होईल, अशी मला भीती वाटते.

भाऊ मच्छीमार नौकेवर खलाशी आहे. त्याला द्विध्रुवीय विकार आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला बायपोलर म्हणतात तो, मन कधी अतिउत्साहात उसळते तर कधी खोल उदासीत बुडते असा आजार, आणि त्यासाठी तो रोज लिथियमच्या दोन गोळ्या घेतो. आमची वाडी खाडीपलीकडे असल्याने सकाळच्या पहिल्या तरीने खाडी ओलांडायची, पुढे एसटी पकडायची आणि साडेनऊच्या आत केसपेपर काढायचा, हा आमचा ठरलेला क्रम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत, त्यामुळे केसपेपरच्या खिडकीवर सुट्ट्या पैशांवरून होणारा खोळंबा थांबला आहे. मानसोपचाराची खोली नेत्रतपासणीच्या शेजारी आहे, आणि ही मांडणी ज्याने केली त्याचे मी मनोमन आभार मानतो. बाकड्यावर कोणी ओळखीचे भेटले, तर डोळे तपासायला आलो आहोत असे सांगता येते. पहिले वर्षभर आमची काकी हेच सांगत होती.

आत जे घडते ते चांगले आहे, आणि हे मी बजावून सांगतो. जिल्ह्याहून पथक गाडीने येते. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका असतात. गर्दीच्या दिवशीही डॉक्टर रुग्णाला आधी बोलू देतात आणि नातेवाइकांचे मागाहून ऐकतात. माझ्या आठवणीत पक्का बसलेला एक प्रसंग गेल्या उन्हाळ्यातला आहे. भावाने केसपेपर पुढे केला तेव्हा कागदाची कड थरथरत होती. डॉक्टरांनी कागद घेतलाच नाही, त्याला दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगितले आणि काकीकडे वळून विचारले, "काकी, घरात मीठ कमी केलंत का हो?" काकी चपापली. तिला स्वतःला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता आणि महिनाभरापासून तिने सगळ्या घराचेच जेवण अळणी केले होते. आमटीची दोन भांडी कोण करत बसणार, हा तिचा साधा हिशेब होता. शरीरात मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. त्यात मे महिन्याचा घाम आणि नौकेवर बेताचेच पिण्याचे पाणी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून दिली, ती शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच व्हायला हवी हे दोनदा समजावले, आणि त्याच्यासाठी जेवण वेगळे काढायला सांगितले. मुंबईच्या महागड्या दवाखान्यात एवढे बारकाईने पाहिले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही.

याच डॉक्टरांची आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आमच्याकडे आजार कोणताही असो, देवाला गाऱ्हाणे घातले जाते आणि देवळात कौल लावला जातो. मनाच्या आजारात तर देवरशाकडे जाणे आधी होते आणि दवाखाना त्याच्या मागून येतो. बरेच शिकलेले लोक यावर तावातावाने बोलतात आणि त्यामुळे रुग्णाच्या घरचे पुढच्या वेळी येतच नाहीत. काकीने भीत भीत विचारले तेव्हा डॉक्टर एवढेच म्हणाले, "कौल खुशाल घ्या, पण गोळी चुकवू नका." त्या दिवसापासून गोळ्यांची पिशवी देवघराच्या फळीवर असते आणि संध्याकाळची दिवाबत्ती झाली की गोळी घेतली जाते. समुपदेशनाच्या चार बैठकांनी जे झाले नसते, ते या एका वाक्याने झाले.

ही सेवा कोणाची मेहेरबानी नाही, हेही येथे सांगायला हवे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि त्याखालचा जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून राबवला जाऊ लागला; जिल्ह्याला त्यासाठी वर्षाकाठी ८३.२ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. तज्ज्ञाने रुग्णाच्या जवळ जावे, रुग्णाला मनोरुग्णालयाच्या दारात नेऊन उभे करू नये, हा त्यामागचा विचार. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. कोकणात तर 'याला आता रत्नागिरीला न्यायला हवा' हे वाक्य थट्टेत इतके रुळले आहे की, ज्याला खरोखरच उपचारांची गरज आहे त्याच्या घरी ते उच्चारायची सोय राहिलेली नाही. त्यापेक्षा तालुक्याची, डोळ्यांच्या खोलीशेजारची ही लहानशी खोली कितीतरी परवडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवीय विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी त्या बाकड्यावर बसून पाहिले की आकडा खोटा वाटत नाही. आमच्याच वाडीतल्या दोन घरांतून कोणी यायला हवे आहे आणि येत नाही.

आता तक्रारीकडे वळतो. ती वरवर पाहता हसण्यावारी नेण्याजोगी आहे, कारण ती कॅलेंडरची आहे. दुसऱ्या मंगळवारपासून पुढच्या महिन्याचा दुसरा मंगळवार कधी २८ दिवसांनी येतो, तर कधी ३५ दिवसांनी. औषधाच्या खिडकीवर मात्र सरसकट ३० दिवसांच्या गोळ्या मिळतात, म्हणजे आमच्या हिशेबाने ६० गोळ्या, दहाच्या सहा पट्ट्या. २०२५ साली ८ एप्रिल ते १३ मे, ८ जुलै ते १२ ऑगस्ट, ९ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर आणि ९ डिसेंबर ते १३ जानेवारी, असे चार वेळा हे अंतर पस्तीस दिवसांचे आहे. चारही वेळा शेवटचे पाच दिवस रुग्णाने गोळ्यांविना काढायचे, अशी ही व्यवस्था आहे. ती कोणी ठरवून केलेली नाही हे मला मान्य आहे. तारीख ठरवणारा आणि पट्ट्या मोजणारा यांनी एकमेकांचा कागद कधी पाहिलेलाच नाही.

जुलै-ऑगस्टच्या खेपेला याची किंमत आम्ही मोजली. ७ ऑगस्टच्या रात्री गोळ्या संपल्या. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठलेली होती, नारळी पौर्णिमा झाली होती आणि नौका बाहेर पडायच्या बेतात होत्या, तरी त्याने तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, विनवून एक फेरी सोडली आणि १२ तारखेला आम्ही निघालो. नेमकी त्या दिवशी अंगारकी होती. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या गर्दीने एसटी भरून वाहत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टरांनी तपासले, गोळ्या लिहून दिल्या, आणि खिडकीवर समजले की लिथियमचा साठा संपला आहे. पुढच्या आठवड्यात चौकशी करा, असे आम्हाला सांगण्यात आले. तालुक्याच्या बाजारात तीन औषध दुकाने आम्ही पालथी घातली. एकाने जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवून देतो म्हणून सांगितले.

लिथियम एकदम बंद झाले की उन्माद उसळण्याचा धोका असतो आणि तो काही पहिल्याच दिवशी दिसत नाही. दुसरा आठवडा सरता सरता भावाची झोप उडाली. १९ ऑगस्टच्या रात्री दोन वाजता तो अंगणातला दिवा लावून जाळे सांधत बसला होता. हात विलक्षण वेगाने चालत होते, तोंडाने स्वतःची नौका घेण्याच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि काकी ओटीवर पदर तोंडाला लावून बसली होती. मी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवला. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची चोवीस तासांची दूरध्वनी सेवा आहे, आणि तीत मराठीचा पर्याय आहे. पलीकडच्या बाईंनी किती रात्री झोप नाही, गोळ्या कधीपासून बंद आहेत, घरात कोणाला धोका वाटतो का, एवढेच शांतपणे विचारले. थांबलेली गोळी आपल्या मनाने दुप्पट करून देऊ नका असे बजावले, आणि उजाडताच डॉक्टरांना गाठायला सांगितले. त्या वीस मिनिटांत माझे स्वतःचे हात थरथरायचे थांबले, आणि हे या सेवेचे यश मी निःशंकपणे मानतो. पण फोनवरून धीर मिळतो, पट्टी मिळत नाही. ती २१ तारखेला दुकानदाराकडून आली. गणपतीत भाऊ आरतीला उभा राहिला खरा, पण ऑगस्टचा सगळा आणि सप्टेंबरचा अर्धा हंगाम त्याच्या हातून गेला.

या ठिकाणी कायदा काय म्हणतो ते सांगणे भाग आहे, कारण कायदा या बाबतीत आमच्या रुग्णालयाच्या कितीतरी पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला आहे, आणि त्याच कलमाच्या दहाव्या उपकलमात अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी आरोग्य संस्थांत विनामूल्य आणि सर्व काळ उपलब्ध असावीत, अशी तरतूद आहे. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत लिथियमही आहे. 'सर्व काळ' हे दोन शब्द ज्याने त्या मसुद्यात घातले, त्याने बहुधा कोणा रुग्णाच्या घरी पट्ट्या मोजताना पाहिल्या असाव्यात. सेवेत त्रुटी राहिल्यास प्रथम प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, समाधान न झाल्यास पुनर्विलोकन मंडळाकडे आणि त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करण्याचा हक्क कलम २८ देते.

गौरी-गणपती आटोपल्यावर मी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे पत्र दिले आणि पोच घेतली. मागण्या दोनच होत्या: ओपीडी 'दुसऱ्या मंगळवारी' न ठेवता दर चार आठवड्यांनी ठेवावी, म्हणजे ३० दिवसांच्या गोळ्यांत उलट दोन दिवस शिल्लक राहतील, आणि ते जमत नसेल तर गोळ्या ३५ दिवसांच्या द्याव्यात. दोन्हींना फारसा नवा खर्च नाही. पथकाचा महिन्याचा दौरा सर्व तालुक्यांसाठी वारानुसार बांधलेला असल्याने पहिली मागणी लगेच शक्य नाही, हे मला पटले. दुसरीवर औषधनिर्माण अधिकारी म्हणाले की तीस दिवसांपेक्षा जास्त देण्याची पद्धत नाही. कोणत्या आदेशाने, असे विचारल्यावर त्यांनी कपाटाकडे पाहिले. ते गृहस्थ वाईट नाहीत. साठा कमी येतो तेव्हा सगळ्यांना थोडेथोडे पुरवावे, हाच त्यांचा विचार असणार. पण मनाच्या आजारात थोडेथोडे पुरवणे म्हणजे कोणालाच पुरे न देणे होते. पत्राचे लेखी उत्तर अजून आलेले नाही.

रक्तातील लिथियमची तपासणी रुग्णालयात होत नाही, नमुना खासगी प्रयोगशाळेमार्फत बाहेर पाठवावा लागतो, आणि दर सहा महिन्यांचा तो खर्च खलाशाला जड जातो, हेही नोंदवतो. बसायला पंखा आहे. पिण्याचे पाणी आहे. स्वच्छतागृहाबद्दल न लिहिलेले बरे.

एवढे असूनही कोणी मला विचारले की तेथे जावे का, तर मी जावे असेच सांगेन, आणि नेत्रतपासणीच्या बाकड्यावर जागा धरून ठेवीन. जाताना भिंतीवरचे कॅलेंडर पाहून पुढचे अंतर किती दिवसांचे आहे ते मोजावे, आणि खिडकीसमोरच पट्ट्या मोजून घ्याव्यात. आमच्या डॉक्टरांनी आता मोजायला सुरुवात केली आहे. ९ डिसेंबरला त्यांनी सिस्टरकडून कॅलेंडरचे पान उलटून घेतले, बोटाने मंगळवार मोजले आणि केसपेपरवर '३५ दिवस' असे लिहून त्याखाली रेघ मारली. खिडकीवर सहा पट्ट्या मिळाल्या. पुढची तारीख १३ जानेवारी आहे आणि गोळ्या ८ तारखेच्या रात्री संपतात. सातवी पट्टी काकीने बाजारातून विकत आणून देवघराच्या फळीवर ठेवली आहे.