मोडी वाचनासाठी केविनच्या टायलिंग आणि गॅप स्क्रिप्ट्स : पावसाळ्यापासूनचा अनुभव

परभणीत बसून मी जुन्या मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करतो. एका विंडोत स्कॅन, दुसरीत टायपिंग, तिसरीत शब्दसूची आणि चौथीत फसली सनाचा तक्ता. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं एकाच गावाच्या दप्तरात मोडीही निघते, उर्दूही निघते आणि सन फसली, म्हणजे तिथला महसुली सन, असतो. १३४० फसली म्हणजे १९३०-३१ हे पाठ असतं, पण महिना नक्की करायचा तर तक्ता उघडावाच लागतो. या चार विंडो दिवसभर हातानं ओढत, ताणत बसणं हाच आमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग होता. म्हणून केडीई प्लाझ्मावर (लिनक्सवरचा डेस्कटॉप) टायलिंगच्या, म्हणजे विंडो फरश्यांसारख्या शेजारी-शेजारी बसवणाऱ्या, स्क्रिप्ट्स बसवल्या. प्लाझ्मात विंडो सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे केविन, या स्क्रिप्ट्स त्याच्यासाठीच्या. आता माझं मत पक्कं झालं आहे : वाचनाला आपण आखून ठेवलेल्या टाइल्स लागतात, इतर कामाला आपोआप होणारं टायलिंग चालतं, आणि मधला गॅप दोन्हीकडं हवाच.

क्रोनकाइट या आपोआप टायलिंग करणाऱ्या स्क्रिप्टपासून सुरुवात करतो. नवी विंडो उघडली की ती आपोआप जागेवर बसते आणि बाकीच्या आक्रसून तिला जागा देतात. सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंट, त्यात केविन स्क्रिप्ट्स, तिथून नवीन स्क्रिप्ट शोधून बसवता येते, टर्मिनलची गरज नाही. मूळ क्रोनकाइटचं काम मध्येच थांबलं होतं. त्यातूनच निघालेला बिस्मथ बऱ्याच जणांनी वापरला, पण तो प्लाझ्मा ६ वर आलाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आला तेव्हा केविननं स्क्रिप्टसाठीची नावंच बदलली. आधी जिथं ‘क्लायंट’ म्हणत, तिथं ‘विंडो’ आलं, त्यामुळं जुन्या स्क्रिप्ट तशाच्या तशा चालेनाशा झाल्या. आज क्रोनकाइट या नावानं जी मिळते ती पुढं दुसऱ्यांनी सांभाळलेली शाखा आहे. जुन्या लेखातली सूचना वाचून जुनी फाइल उतरवू नका.

बसवल्यावर पहिलं काम शॉर्टकटचं. क्रोनकाइट मेटासोबत (विंडोजच्या चिन्हाची कळ) एच, जे, के, एल या कळा धरतं. पण मेटा आणि एल म्हणजे प्लाझ्मात स्क्रीन लॉक, मेटा आणि डी म्हणजे डेस्कटॉप दाखवणे, आणि मेटा आणि टी म्हणजे प्लाझ्माचा स्वतःचा टाइल एडिटर. जो शॉर्टकट आधीच दुसऱ्याकडं आहे, तो स्क्रिप्टला मिळत नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टाइप करणाऱ्याला तर त्या चार कळा प, र, क, त अशाच दिसतात, डावी-उजवी बाजू त्यातून डोक्यात येत नाही. मी सगळं फंक्शन कळांवर नेलं. कळफलक मराठीवर असो की इंग्रजीवर, एफ-सहा तो एफ-सहाच. मराठी टायपिंग करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन.

आता मुद्द्याचं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडायची पद्धत नाही. शब्द कुठं संपला हे पुढचं वाचून ठरवावं लागतं. म्हणजे ओळ टोकापासून टोकापर्यंत एका नजरेत दिसली पाहिजे. १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनचे डावे-उजवे दोन भाग केले की स्कॅनला ९६० मिळतात. त्यात अख्खी ओळ बसवली तर अक्षर इतकं बारीक होतं की वेलांटी कुठली, मात्रा कुठली कळत नाही, आणि अक्षर मोठं केलं तर ओळ तुटते. नेहमीची अर्धी-अर्धी वाटणी आमच्या कामाची नाही. स्कॅन वर, पूर्ण रुंदीत, आणि टायपिंग खाली, असं हवं. क्रोनकाइटमध्ये मांडणी फिरवायची सोय आहे, मुख्य विंडोचा वाटाही कमी-जास्त करता येतो, त्यामुळं हे जमतं.

जमतं, पण टिकत नाही. मधेच फाइल मॅनेजर उघडला, की चारही विंडोंची मापं बदलतात. स्कॅन दाखवणारं ऑक्युलर ‘रुंदीत बसवा’ वर ठेवलेलं असतं, रुंदी बदलली की झूम बदलतो आणि डोळा ज्या ओळीवर होता ती ओळ सरकते. मोडीत ओळ हरवली की शोधताना आधीचा संदर्भही निसटतो. आमच्याकडं शिकायला येणारा एक पोरगा शेजारी बसलेला असायचा, तो म्हणाला, “काका, हे आपोआप बसायलं ते झकास, पण मी वाचायलो तवाच का हलायलं?” त्याचं म्हणणं बरोबर होतं. वाचनात स्थिरता लागते. आपोआपपणा तिथं आड येतो.

प्लाझ्मात एकाच स्क्रीनवर आलटून-पालटून वापरायचे वेगवेगळे व्हर्च्युअल डेस्कटॉप ठेवता येतात. म्हणून वाचनाचा डेस्कटॉप मी क्रोनकाइटच्या ‘फ्लोटिंग’ मांडणीवर टाकला, म्हणजे तिथं ते कशाला हात लावत नाही. तिथं प्लाझ्माच्या स्वतःच्या टाइल्स वापरतो. ही सोय फेब्रुवारी २०२३ च्या ५.२७ पासून आहे. मेटा आणि टी दाबा, हव्या तशा उभ्या-आडव्या टाइल्स आखा, मग शिफ्ट धरून विंडो ओढली की ती टाइलमध्ये बसते. वर स्कॅन, खाली डावीकडं टायपिंग, खाली उजवीकडं शब्दसूची. दोन टाइल्समधली कड ओढली तर दोन्ही बाजूच्या विंडो मिळून मापं बदलतात, मागं भोक राहत नाही. जून २०२५ च्या ६.४ पासून प्रत्येक व्हर्च्युअल डेस्कटॉपला वेगळी आखणी ठेवता येते, आणि माझ्यासाठी खरा फरक इथं पडला. खासरा पत्रक, म्हणजे शेतजमिनीच्या नोंदींचा कागद, तक्त्याचं असतं. त्याचे रकाने एकेक करून वाचायचे असतात, तिथं शेजारी-शेजारीच बरं पडतं. आता एक डेस्कटॉप ओळीच्या कागदांना, दुसरा तक्त्यांना, आणि तिसऱ्यावर मेल, ब्राउझर, हिशेब यांच्यासाठी क्रोनकाइट. या तिसऱ्या डेस्कटॉपवर त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

गॅपबद्दल बरेच जण म्हणतात की ही नुसती शोभा. मला ते पटत नाही. एकाच नोंदीची दोन पानं मी वर-खाली लावतो. टायटल बार काढलेले, दोन्ही कागद पिवळट. मध्ये गॅप नसेल तर वरच्या पानाची शेवटची ओळ आणि खालच्या पानाची पहिली ओळ एकाच पानावरच्या वाटतात. मध्ये गडद पट्टी आली की डोळा थांबतो. वॉलपेपर मी मुद्दाम साध्या गडद रंगाचा ठेवलाय. प्लाझ्माच्या टाइल एडिटरमध्ये पॅडिंगचा आकडा देता येतो, क्रोनकाइटमध्ये स्क्रीनच्या चारही कडांचा आणि टाइल्समधला गॅप वेगवेगळा देता येतो. ज्यांना टायलिंग नकोच, मेटा आणि बाणाच्या कळांनी अर्धी-अर्धी विंडो लावली की भागतं, त्यांनी ‘विंडो गॅप’ ही छोटी स्क्रिप्ट घ्यावी. ती फक्त कडांना चिकटलेल्या विंडोंना मोकळी जागा देते.

आकडा मात्र स्क्रीन बघून ठरवा. मोठ्या मॉनिटरवर १०८० उंचीतून पॅनेलचे (स्क्रीनच्या कडेची पट्टी) ४४ गेले, वर-मध्ये-खाली ८-८-८ दिले तरी १०१२ उरतात. तालुक्याला जाताना नेतो त्या लॅपटॉपची उंची ७६८ आहे, तिथं तेच २४ पिक्सेल म्हणजे स्कॅनची अख्खी ओळ. तिथं मी कडांचा गॅप शून्य ठेवतो, मधला चार, आणि पॅनेल आपोआप लपणारं.

उन्हाळ्यात लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही साथ सोडली, तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर वेलँडवर (लिनक्सवर विंडो स्क्रीनवर दाखवायची नवी पद्धत) विंडो आधीच्या जागी येतीलच असं नाही, कारण तिथं प्रोग्रामला स्वतःची जागा सांगता येत नाही. क्रोनकाइटच्या डेस्कटॉपवर विंडो उघडत जाल तशी मांडणी पुन्हा तयार होते. टाइल्सच्या डेस्कटॉपवर प्रत्येक विंडो एकदा ओढून बसवावी लागते. एवढी मेहनत मला मान्य आहे.

दोन टायलिंग स्क्रिप्ट एकाच वेळी चालू ठेवू नका. त्या केविनच्या आतच चालतात, एकमेकींनी बसवलेलं हलवत राहिल्या तर सगळा डेस्कटॉप जड होतो. स्क्रिप्टचे आकडे बदलूनही काही दिसलं नाही तर तिची खूण काढून ‘अप्लाय’ करा आणि पुन्हा लावा. लिबरऑफिससारख्या काही विंडो ठरावीक मापाखाली आक्रसत नाहीत आणि शेजारच्या टाइलवर चढतात, त्यांना मोठी टाइल द्या.

शॉर्टकट सोडले तर हे सगळं होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’ मधल्या केविनआरसी फाइलमध्ये साठतं, प्लाझ्मा अपडेट करण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. नांदेडच्या सहकाऱ्याला मी तीच फाइल दिली. क्रोनकाइटची सेटिंग्ज जशीच्या तशी गेली. टाइल्सची आखणी मात्र त्या-त्या स्क्रीनच्या ओळखीशी बांधलेली असते, ती त्यांच्या मॉनिटरवर लागली नाही. फोनवर सांगत गेलो आणि त्यांनी हातानं आखली, चहा गार व्हायच्या आत झालं.