‘१९४८ची मूळ लाकडी बॉडी’ म्हणून विकलेली अल्विस

व्यवहार इंग्लंडमधला. जाहिरातीत अल्विस या ब्रिटिश कंपनीची टीए १४, ‘त्याच वर्षी कोचबिल्डरने (तयार चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, बॉडी बांधणाऱ्या कारागिराने) बांधलेली एकमेव शूटिंग ब्रेक’, म्हणजे शिकारीसाठीची मागे लाकडी बॉडी असलेली गाडी. पैसे चुकते झाले, गाडी गॅरेजमध्ये आली आणि मागची फळी उचलल्यावर आतल्या सांध्यांत पोझिड्राइव्ह, म्हणजे डोक्यात फुलीची खाच असलेले स्क्रू निघाले. हे स्क्रू १९६०च्या दशकात आले. बिजागरीवर असा एखादा स्क्रू दिसला तर दुरुस्ती म्हणून सोडून देता येतो. पॅनेलखाली झाकलेल्या, बॉडी मोडल्याशिवाय हात न पोचणाऱ्या जागी सगळेच तसे असतील, तर बॉडीच नंतरची. नंतर मागवलेल्या कारखान्याच्या नोंदीत त्या चासी नंबरासमोर मलिनर्स या कोचबिल्डरची सलून, म्हणजे बंद टपाची साधी गाडी, निघाली.

अशी गाडी तयार होते कशी? टीए १४च्या सलूनमध्ये पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. दाराचे खांब बुडाशी कुजले की तो नव्याने करण्याचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. मग बॉडी भंगारात जाते, धडधाकट चासी स्वस्तात मिळते आणि तिच्यावर लाकडी बॉडी चढते. त्यात गैर काही नाही. काही कामं तर उत्तम असतात. लबाडी आहे ती तारखेत.

थाप पचते, कारण खऱ्या गाड्या होत्या. युद्धानंतर ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांवर पर्चेस टॅक्स (खरेदीवरचा कर) होता, व्यापारी वाहनांना माफ होता, पोलाद कोट्यावर मिळत होतं. त्यामुळे लहान कारखान्यांनी व्यापारी वाहनांत मोडणाऱ्या लाकडी युटिलिटी बॉडी खरोखरच बांधल्या, आणि त्यातल्या अनेकांची दप्तरं आज उरलेली नाहीत. ‘कागद नाहीत, पण तेव्हा असंच असायचं’ या वाक्यावर बरीच विक्री होते.

या विक्रेत्याने पुरावा म्हणून नोंदणीपत्र पुढे केलं: बॉडी ‘एस्टेट’, म्हणजे मागे सामानाची जागा असलेली. ते पत्र आजची बॉडी सांगतं, मूळची नाही. मागायचं ते जुनं, १९७०च्या दशकापर्यंत चाललेलं लॉगबुक, म्हणजे गाडीची नोंदवही. त्यात बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो आणि मालकबदलांवर तारखेचे शिक्के असतात. अल्विसच्या नोंदी केनिलवर्थला आहेत. रोल्स-रॉइस आणि रोल्स-रॉइसने बांधलेल्या जुन्या बेंटलेची चासी कार्डं (कारखान्याची नोंदकार्डं) रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबकडे, पॉलर्सपरीला. त्यांत पहिला मालक आणि पहिला कोचबिल्डर दोन्ही मिळतात. भारतातल्या संस्थानांकडे शिकारीच्या गाड्या खरोखर होत्या, म्हणूनच ‘महाराजांची शिकारगाडी’ ही बिरुदावली कार्ड पाहिल्याशिवाय ऐकूनच घेऊ नये.

गाडीपाशी गेल्यावर आधी खाली वाका. चासीवर सलूनच्या बोल्टची रिकामी भोकं, कापलेले किंवा नव्याने वेल्ड केलेले ब्रॅकेट दिसतात का ते बघा. मग सांधे. जुन्या कामात कुसू आणि खाच, डोक्यात सरळ खाचेचे स्क्रू. नव्यात बहुधा गोल डॉवेल (लाकडी खुंट्या) आणि सांध्यातून फेसासारखा उतू आलेला पिवळसर गोंद. कोचबिल्डरची पितळी पाटी पुरावा म्हणून धरू नका, ती नवी बनवून मिळते. दाराच्या आत किंवा सीटच्या फळीखाली लाकडावरच ठोकलेला जॉब नंबर शोधा, तो सगळ्या दारांवर जुळायला हवा. गडद वार्निश हा जुनेपणाचा पुरावा नव्हे; बरेचदा ते लांबी (पुट्टी) भरलेलं झाकण्यासाठी असतं. खांबाचं बूड आणि मागच्या दाराची खालची पट्टी, जिथे पाणी साचतं, तिथे टोकदार आरी टोचून बघा. सहज आत गेली तर लाकूड कुजलंय. विक्रेता टोचू देत नसेल तर तेही उत्तरच.

स्वस्त बाजारात हाच खेळ मॉरिस मायनर ट्रॅव्हलर या मागे लाकडी चौकट असलेल्या लहान ब्रिटिश गाडीवर चालतो. १०९८ सीसी ट्रॅव्हलरचा चासी नंबर एमएडब्ल्यू५ने सुरू होतो. डब्ल्यूच्या जागी एस असेल तर मूळ गाडी सलून होती. इथलं लाकूड भार पेलतं, त्यामुळे ते कुजलं की या गाड्यांना २०१८पर्यंत सक्तीच्या असलेल्या एमओटी या वार्षिक वाहनतपासणीत गाडी नापास व्हायची. मिनी ट्रॅव्हलरवरच्या पट्ट्या मात्र फक्त शोभेच्या.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘अमुक कोचबिल्डरच्या धर्तीवर’ असं छापलं असेल तर नंतर दाद मागायला जागा उरत नाही. खासगी विक्रीत ‘बॉडी १९४८ची’ हे वाक्य, चासी नंबरासकट, बयाणा देण्याआधी विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या.