प्रोपेनचं फायर पिट: वांगं भाजता येत नाही, तरी घ्या

फिनिक्सचा पारा ४५ च्या पुढे गेला की आपली निम्मी मंडळी पूर्व ॲरिझोनातल्या व्हाइट माउंटन्सच्या थंड डोंगरांकडे पळतात, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. प्रोपेन गॅसवर चालणारं, उचलून नेता येणारं फायर पिट, म्हणजे शेकोटीचं भांडं, घ्यावं का असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, चार-पाच कंपन्यांची जवळपास सारखीच मिळतात आणि सगळी शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास.

वस्तू काय आहे, तर लग्नातल्या मोठ्या परातीएवढं लोखंडी भांडं, आत गोल बर्नर, त्यावर पसरायला लाव्हा रॉक (ज्वालामुखीच्या दगडाचे खडे), झाकण, आणि दहा फुटांचा पाइप जो २० पौंडी सिलिंडरला लावायचा. म्हणजे बार्बेक्यूला लावतो तोच सिलिंडर, वेगळं काही आणायला नको. नॉब फिरवला, लायटर धरला, पेटलं. बंद केलं की बंद, राख नाही, निखारे नाहीत, कपड्यांना वास नाही.

ऊब चांगली आहे पण लाकडाच्या शेकोटीसारखी नाही हे आधीच सांगते, नाहीतर नंतर मला बोल लावाल. खोक्यावर तासाला ५८ हजार बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) लिहिलंय. २० पौंडी सिलिंडरमधे साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू असतात, तेव्हा फुल्ल ठेवलं तर सात-साडेसात तासांत सिलिंडर संपणार. मध्यम आचेवर दोन संध्याकाळी निघतात. मुख्य तक्रार अशी की उष्णता वर जाते, गुडघे आणि हात शेकतात, पावलं गारच. तिथल्या बिग लेक तळ्याकाठी ९ हजार फुटांवर जूनमधेसुद्धा रात्री हुडहुडी भरते, तिथे सासूबाई शाल पांघरून, पायात दोन-दोन मोजे घालून बसल्या आणि "हे कसलं शेकणं, नुसतं बघायचं" म्हणाल्या. चुकीचं नाही त्यांचं. वारा सुटला की ज्योत एका बाजूला पळते, मग सगळ्यांनी खुर्च्या उचलून फिरायचं.

आणि स्वयंपाक विसरा. मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की यावर काही शिजवू नका, तेल-रस बर्नरवर गळून भोकं बुजतात. आमच्याकडे कॅम्पिंग म्हणजे भाजलेली कणसं आणि वांग्याचं भरीत हे ठरलेलं, ते गेलं. वांगं गॅसच्या शेगडीवर भाजून बघितलं, ठीक होतं, पण लाकडाच्या धुराची चव नाही ती नाहीच. ज्यांना भरितासाठीच कॅम्पिंगला जायचंय त्यांनी घरीच थांबावं असं मी म्हणते, पण घरात कोणी ऐकत नाही.

मग हे घ्यायचं कशाला? पहिलं कारण नियमांचं. मे-जूनमधे इथली जंगलं वाळून ठणठणीत कोरडी झालेली असतात, आणि मान्सून (हो, ॲरिझोनातसुद्धा त्याला मान्सूनच म्हणतात) जुलैशिवाय येत नाही. तोपर्यंत फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे इथलं केंद्रीय वनखातं, फायर रिस्ट्रिक्शन्स (आग पेटवण्यावर टप्प्याटप्प्याचे निर्बंध) लावते. स्टेज वन असेल तर लाकडाची शेकोटी फक्त अधिकृत कॅम्पग्राउंडच्या लोखंडी रिंगमधेच, स्टेज टू लागलं की तिथेही नाही, कोळशाची शेगडीसुद्धा नाही. पण नॉबने चालू-बंद करता येतं असं गॅसचं उपकरण सहसा चालतं, फक्त आजूबाजूची तीन फूट जागा पालापाचोळा काढून साफ हवी. निघायच्या आधी त्या जंगलाची त्या आठवड्याची ऑर्डर वाचा, कधीकधी अख्खं जंगलच बंद करतात, तेव्हा गॅसही नाही आणि तुम्हीही नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण ज्या रस्त्याने अल्पाइन, ग्रीर या डोंगरातल्या गावांकडे जातो तिथे अजूनही डोंगरच्या डोंगर काळ्या, उभ्या खोडांचे दिसतात. ते वॉलो फायर नावाच्या वणव्याने जळालेले. २९ मे २०११, मेमोरियल डेचा वीकेंड, दोन चुलतभाऊ बेअर वॉलो भागात कॅम्पिंग करत होते, शेकोटी केली आणि फिरायला गेले. आग विझली असं त्यांना वाटलं. एकाने निघताना चॉकलेटचा कागद त्यात टाकून बघितला होता, तो वितळला नाही, म्हणजे विझली! परत येईपर्यंत आग रानात शिरलेली, कॅम्पपर्यंत पोचतासुद्धा आलं नाही. पुढे वाऱ्याने ती अशी पळाली की जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोक्यात नव्हती, ५ लाख ३८ हजार एकर जळालं, ॲरिझोनाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. चौरस किलोमीटरमधे सुमारे २,१८०, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी आहेत त्याच्या साडेतीनपट. स्प्रिंगरव्हिल, ईगर, ग्रीर, अल्पाइन, गावंच्या गावं रिकामी करावी लागली, ३२ घरं गेली, आणि विझवायलाच दहा कोटी डॉलरच्या वर खर्च.

आता शिक्षा बघा. त्या भावांनी गुन्हे दोन कबूल केले: शेकोटी सोडून जाणं आणि तिच्याभोवतीचा पाला साफ न करणं. दोन्ही किरकोळ गुन्ह्यांत मोडणारे. दोन दिवस तुरुंग, पाच वर्षं प्रोबेशन (तुरुंगाबाहेर, पण कोर्टाच्या देखरेखीखाली), समाजसेवेचे तास, आणि नंतर कोर्टाने ३७ लाख डॉलर भरपाई ठरवली. माझे दीर म्हणतात एवढ्या नुकसानीला दोन दिवस म्हणजे थट्टा आहे, आणि नवरा म्हणतो की मुद्दाम नाही केलं तर माणसाला जन्मभर कर्जात घालून काय मिळणार, गाडीत दोन तास हाच वाद. मला दोघांचंही अर्धंच पटतं. तुरुंगात जास्त ठेवून झाडं उगवत नाहीत हे खरं, पण "मुद्दाम नव्हतं" हे वाक्य फार स्वस्तात खपतं. भोवतालचा पाला काढायला दहा मिनिटं लागतात, ते न करणं हा अपघात कसा?

ओरेगनमधे २०१७ ला १५ वर्षांच्या पोराने दरीत फटाका टाकला, ४८ हजार एकर गेलं, जजने त्याला ३ कोटी ६६ लाख डॉलर भरपाई लावली, हप्त्याने, आणि दहा वर्षं नीट भरले, प्रोबेशन पूर्ण केलं, नवा गुन्हा केला नाही तर पुढचं थांबवण्याची सोय ठेवून. ही शिक्षा मला वॉलोच्या शिक्षेपेक्षा शहाणपणाची वाटली. आकडा खरा कोणीच भरू शकत नाही, पण दर महिन्याला चेक लिहिताना आठवण राहते.

आणि आपल्याच भागातली २००२ ची केस तर याहून गुंतागुंतीची. जंगलात दोन-तीन दिवस अडकलेल्या बाईने हेलिकॉप्टरला दिसावं म्हणून आग लावली, ती दुसऱ्या एका लावलेल्या आगीला जाऊन मिळाली आणि ४ लाख ६८ हजार एकर खाक, त्यातला मोठा भाग व्हाइट माउंटन अपाची जमातीच्या जमिनीवरचा. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. जमातीने मात्र आपल्या स्वतःच्या वेगळ्या कोर्टात दावा लावला, आणि जमातीबाहेरच्या माणसावर ते कोर्ट दावा चालवू शकतं का हे भांडण फेडरल अपील कोर्टापर्यंत गेलं, २००९ मधे तिथे सांगितलं की आधी जमातीच्या कोर्टातच जा. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, जीव वाचवायला मीही पेटवलं असतं. पण ज्यांचं लाकूड आणि घरं गेली त्यांनी भरपाई मागू नये असंही म्हणवत नाही.

सुट्टीत भारतात जाऊन गडावर शेकोटी करणाऱ्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये. १९२७ च्या वन कायद्यात कलम २६ मधे राखीव जंगलात आग लावणं, धोका होईल अशी पेटती सोडणं हा गुन्हा आहेच, पण त्याच कलमात पुढे असंही आहे की मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकतं. म्हणजे पेटवणार पुण्यामुंबईचा ग्रुप, शनिवार-रविवार करून परत, आणि गुरं उपाशी पायथ्याच्या गावातली. इथे निदान चेक ज्याने पेटवलं त्याच्या नावाने फाटतो.

असो, वस्तूकडे. लाकडाची शेकोटी विझवायची रीत म्हणजे पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, मग हाताच्या मागच्या बाजूने राख चाचपून बघा, गरम लागली तर पुन्हा पहिल्यापासून. रात्री अकराला, थंडीत, पोरं झोपेत, कितीजण हे करतात ते सगळ्यांना माहितीय. हे फायर पिट नेमकं तेवढं काम वाचवतं आणि मी पैसे त्या नॉबचे दिले असं समजते. पण ते आणलं म्हणजे सगळं माफ असं नाही. भांड्याचा तळ तापतो, वाळक्या गवतावर ठेवू नका, खडीवर किंवा मातीवर ठेवा. पाइपच्या जोडांना आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, घरच्या सिलिंडरला बघायचो तसंच. तंबूत अजिबात नेऊ नका, कितीही थंडी असो. नदीतले गोटे छान दिसतात म्हणून बर्नरवर टाकू नका, आतलं पाणी तापून ते फुटतात.

आमच्या पिटचा रेग्युलेटर दुसऱ्याच सीझनला शिट्टी वाजवायला लागला, कंपनीने बदलून दिला पण दीड महिना लावला, तेव्हा बिल जपून ठेवा. झाकणाची खिटी कचकड्याची आहे, गाडीत खडखडते, खाली जुना टॉवेल टाकते. मोकळ्या रानात तंबू ठोकणाऱ्यांनी नक्की घ्या, फक्त कॅम्पग्राउंडमधे आणि तेही पावसाळ्यातच जाणाऱ्यांना गरज नाही. लाव्हा रॉकची जादा पिशवी मागवू नका, सोबत येते तेवढी पुरते.